आधी कडेचा सरकतो

काकासाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव. आमच्या मराठवाड्यात पोराला जन्मतःच मोठेपण देऊन टाकतात. पुढं आयुष्यानं नाही दिलं तर निदान नावात असू द्यावं म्हणून. कॉलेजच्या वेळापत्रकावर मात्र हे मोठं नाव चौदा वर्षं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. कायम शिक्षकांची नावं छापील आणि तासिका तत्त्वावरच्या लोकांची पेन्सिलीनं, कारण ती दर मार्चमध्ये खोडायची आणि जूनमध्ये पुन्हा लिहायची. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर तुम्ही शिक्षक, तास संपला की रस्त्यावरचे. एका जूनमध्ये क्लार्क त्यांचं नाव लिहायलाच विसरला. काकासाहेबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि स्वतःच लिहून टाकलं, वर क्लार्कला म्हणाले, तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. असल्या माणसांमुळंच असले क्लार्क माजतात.

त्यांच्या खालच्या ओळीत पेन्सिलीनंच माझं नाव होतं. तनुजा. चार वर्षं मीही तासिका तत्त्वावर गणित शिकवत होते. पण माझी गोष्ट वेगळी आहे असं मी समजत होते. वडील निवृत्त प्राध्यापक, घर सिडकोत, शाळा इंग्रजी, संगणक तिसरीपासून हाताखाली. काकासाहेब पैठणजवळच्या खेड्यातले, मुकुंदवाडीत दोन खोल्यांत भाड्यानं राहणारे. माझं इंग्रजी बरं होतं, आणि त्याहून बरं होतं माझं स्वतःबद्दलचं मत.

मराठीत गणित शिकवायचं म्हणजे 'पद' या शब्दाचा मोठा जाच. बहुपदीतलं पद वेगळं, कॉलेजातलं पद वेगळं. काकासाहेब फळ्यावर बहुपदी लिहून पोरांना म्हणायचे, "आपुन बहुपदी शिकवितो, आन आपल्याला एक बी पद नाय." पोरं हसायची. मीही हसायचे. हा विनोद एकट्या त्यांच्यावरच आहे असं मला वाटायचं.

बहुपदींचं त्यांचं वेड खरं होतं. पीएच.डी.ही त्यातच चालली होती. एकदा मी विचारलं की हे आयडियल आयडियल काय प्रकरण आहे, मला धड कुणी सांगितलंच नाही. ते म्हणाले, दोन-चार बहुपदी घ्यायच्या, त्यांना मूळपुरुष मानायचं. त्यांना कशानंही गुणा, एकमेकांत मिळवा, जे जे निघंल ती सगळी त्यांची भावकी. त्या अख्ख्या भावकीचं नाव आयडियल. आता दोन गावांत दोन भावक्या आहेत, नावं वेगळी, पण मुळात घर एकच असेल, तर ते ओळखायचं कसं? एका भावकीतली अक्षरं बदलून बघायची. ए च्या जागी बी ठेवायचा, बी च्या जागी सी, सी च्या जागी डी. बदलल्यावर ती हुबेहूब दुसरीसारखी झाली, तर दोन्ही एकच. हे काम हातानं करायचं तर जन्म जाईल, म्हणून संगणकाकडून करून घ्यायचं. त्यासाठी त्यांनी सहा वर्षं खपून एक प्रोग्राम लिहिला होता. स्वतःचा लॅपटॉप नव्हता. प्रयोगशाळेचे करीमभाई सकाळी सातला कुलूप उघडायचे आणि काकासाहेब आठच्या पहिल्या तासापर्यंत तिथं बसायचे.

जागी ठेवणं ही गोष्ट ते वर्गात पोरांना बाकावर बसवून शिकवायचे. तीन पोरं बाकावर, कडेची एक जागा रिकामी. सगळ्यांनी एकेक जागा पुढं सरकायचं. "आधी कोण सरकंल?" असं विचारायचे. पहिला सरकला तर तो दुसऱ्याच्या मांडीवर. म्हणून आधी कडेचा, मग त्याच्या मागचा, मग पहिला. अक्षरांचं तसंच. आधी सी ला उठवून डी वर बसवा, मग बी ला सी वर, मग ए ला बी वर. ज्यांना गणिताचं ग समजत नव्हतं त्यांनाही हे समजायचं. शिक्षक म्हणून माझ्यात आणि त्यांच्यात काय फरक आहे हे मला त्या बाकाकडं बघून कळायचं, आणि कळलेलं मला आवडायचं नाही.

आमचे विभागप्रमुख विश्वजीत सर काकासाहेबांचे मार्गदर्शक होते. मार्गदर्शन म्हणजे सही. अशा भावक्यांच्या तीनशे जोड्या तपासून झाल्यावर सर म्हणाले, यावर पेपर लिहू, तनुजाचं नाव घालू, तिचं इंग्रजी चांगलं आहे. काकासाहेबांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तीन नावं झाली: आधी सरांचं, मग काकासाहेबांचं, मग माझं.

पेपर लिहिताना प्रोग्राम माझ्याकडं आला. तो मी उघडला आणि मला हसू आलं. अक्षरं बदलायच्या ओळी खालून वर लिहिलेल्या होत्या. आधी सी च्या जागी डी, मग बी च्या जागी सी, मग ए च्या जागी बी. मनात म्हटलं, खेड्यातला माणूस, एबीसीडीसुद्धा उलटी लिहिणार. छापायला जाणारी गोष्ट नीटनेटकी हवी म्हणून मी त्या ओळी सरळ लावल्या. ए आधी, मग बी, मग सी. मधल्या पायऱ्या पडद्यावर दाखवणाऱ्या ओळी गचाळ दिसत होत्या, त्याही काढल्या. शेवटी फक्त 'जुळतं' किंवा 'जुळत नाही' एवढंच उत्तर येईल असं केलं. तो नीटनेटका प्रोग्राम तीनशे जोड्यांवर पुन्हा चालवला आणि आलेला तक्ता पेपरात टाकला. जुन्या तक्त्याशी ताडून बघितला नाही. बाकावरची पोरं मी डोळ्यांनी बघितली होती, तरी मला ती आठवली नाहीत. आठवण्यासाठी त्या माणसाला आधी गंभीरपणे घ्यावं लागलं असतं.

पेपर छापून आला. तीनशेपैकी फक्त नऊ जोड्या जुळतात, असा त्यातला निष्कर्ष होता. काकासाहेबांना वाटलं आपल्या पहिल्या मोजणीत घोळ झाला असेल. तनुजा मॅडमनं केलंय म्हणजे बरोबरच असणार. हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं, कौतुकानं.

त्याच वर्षी जागा निघाली. अकरा वर्षांनी, आणि एकच. मराठीत हा शब्दही मोठा गमतीचा आहे. जागा निघते, जागा भरते, जागा जाते, माणूस आहे तिथंच राहतो. आम्ही दोघांनीही अर्ज केला. कॉलेजात जो तो म्हणत होता की ही काकासाहेबांची. मीही म्हणत होते. ते चव्वेचाळीसचे होते. पुढची जागा निघेपर्यंत ते पन्नाशी ओलांडणार हे कुणालाही दिसत होतं. आणि ही एकदा भरली की तासिकांचे तासही उरणार नव्हते, म्हणजे जो राहील तो कॉलेजातूनच जाणार होता. त्यांच्या पत्नी आशाबाई मला एकदा मुकुंदवाडीच्या बाजारात भेटल्या, तर म्हणाल्या, आता पेन्सिल सुटंल बघा.

मुलाखतीला बारा दिवस होते. काकासाहेब सकाळी प्रयोगशाळेत बसून समितीला दाखवायला एक छोटंसं उदाहरण शोधत होते. सगळ्यात छोटी भावकी घेतली: ए वर्ग वजा बी सी. बदलल्यावर ती बी वर्ग वजा सी डी व्हायला हवी, आणि तक्त्यात तिची जोडी तीच होती. हातानं केलं, जुळलं. तक्त्यात बघितलं, 'जुळत नाही'. मग त्यांनी माझ्या नीटनेटक्या ओळी कागदावर एकेक करून चालवल्या. ए च्या जागी बी ठेवला: बी वर्ग वजा बी सी. मग बी च्या जागी सी: सी वर्ग वजा सी वर्ग. दुसऱ्याच पायरीला शून्य. अख्खी भावकी नाहीशी.

तो कागद घेऊन ते माझ्याकडं आले. स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि मला पहिल्या नजरेत सगळं समजलं. एका जोडीचं नव्हे, तीनशे जोड्यांचं वाटोळं झालं होतं, आणि ते माझ्या हातानं.

"मॅडम, ह्या वळी अशा कुणी लावल्या?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते.

मी म्हणाले, "अशाच होत्या ना, सर."

एवढंच. तीन शब्द आणि एक सर. त्यानंतर मी कितीतरी खोटं बोलले असेन, पण त्या सगळ्याची गरज या एकानं पाडली.

त्यांनी कागदाची घडी घातली. "असंल," म्हणाले. "माझ्याच असत्याल."

आम्ही विश्वजीत सरांकडं गेलो. सर म्हणाले, मुलाखती होईपर्यंत गप्प बसा, कोण वाचतंय तो पेपर. व्यवहाराच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर होतं. तो पेपर आजतागायत कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. पण काकासाहेब अडून बसले. छापलेलं चुकीचं आहे हे आपल्याला कळलंय, मग ते कळवायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एवढी मऊ माणसं नेमकी नको तिथं कडक होतात. सरांनी बराच वेळ समजावलं, मग हात झटकले. कळवायचं तर कळवा, म्हणाले, पण विभागाचं नाव त्यात येता कामा नये.

पेपर मागं घेतोय असं नियतकालिकाला कळवणारं पत्र मी टाइप करायचं ठरलं. काकासाहेबांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत उतरवलं. "आपल्याकडून चूक झाली," असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडून. आमच्याकडून नव्हे, माझ्याकडून नव्हे. आपल्या भाषेत 'आपण' म्हटलं की समोरचा आत येतो, त्याला बाहेर राहता येत नाही. इंग्रजीत मी 'वी' लिहिलं. कच्चं पत्र सरांकडं गेलं, तर त्यांनी लाल पेनानं प्रत्येक 'वी' वर 'आय' केला आणि मला म्हणाले, "तुझाही अर्ज आहे ना? मग यात तू कशाला?" संगणकात शोधा-आणि-बदला अशी सोय असते. एका झटक्यात पाच जागी 'वी' जाऊन 'आय' बसला. 'प्रोग्रामच्या ओळी लावताना माझ्याकडून चूक झाली, सहलेखकांचा त्यात संबंध नाही.' हे शेवटचं वाक्य सरांचं. काकासाहेबांपुढं कागद ठेवला. इंग्रजी बोलताना अडखळले तरी वाचता त्यांना चांगलं येत होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचं बोट त्या पाचही ठिकाणी थांबलेलं मी बघितलं. मग सही केली.

मुलाखतीला आधी ते गेले. आत काय झालं ते मला नंतर सरांनीच हसत हसत सांगितलं. समितीतल्या एका तज्ज्ञानं पेपर मागं घेतल्याचं विचारलं. काकासाहेब म्हणाले, प्रोग्राम माझा होता, तपासायचं काम माझं होतं. तज्ज्ञ म्हणाले, एवढी प्राथमिक चूक? काकासाहेब म्हणाले, "व्हय सर, प्राथमिकच हाय." पाच मिनिटांत बाहेर आले. दारात मला म्हणाले, घाबरू नका, चांगली माणसं आहेत.

मलाही तेच विचारलं. तुम्ही सहलेखक आहात, ही चूक टाळायची कशी, हे विद्यार्थ्यांना कसं समजावाल? आणि मी काय केलं? तिथल्या चार रिकाम्या खुर्च्या ओढल्या आणि सरकून दाखवलं. तीन पोरं, कडेची जागा रिकामी, पहिला आधी सरकला तर मांडीवर. समिती हसली. अध्यक्ष म्हणाले, याला म्हणतात अध्यापन.

जागा माझी झाली. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो मी. सरांच्या तोंडून त्या दिवशी "सुंठीवाचून खोकला गेला" एवढंच आलं. चौदा वर्षं राबलेल्या माणसाला त्यांनी खोकला म्हटलं, आणि मी तिथंच उभी राहून पेढा खात होते.

पद भरलं तसे तास माझ्या नावावर आले. काकासाहेबांचं नाव त्या जूनमध्ये खोडावं लागलं नाही, लिहिलंच गेलं नाही. ते एकदा येऊन मला भेटले, गुलमंडीवरून घेतलेला एक चांगला पेन दिला. मी म्हणाले, सर, पुढच्या वर्षी तास निघतील. ते म्हणाले, बघू. पीएच.डी.चा त्या पेपरवरचा भाग गळाला, आणि मग सगळीच राहिली. पैठणला एका खाजगी शिकवणीत दहावी-बारावीला शिकवायला लागले. घर मुकुंदवाडीतच ठेवलं, मुलीच्या शाळेसाठी. रोज एसटीनं जायचं आणि यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत करीमभाई प्रयोगशाळेतली कपाटं झाडत होते. माझ्या टेबलापाशी एक जाड वही घेऊन आले. "मॅडम, काकासाब की बही निकली. रद्दी में डालूं क्या?" मी वही उघडली. प्रोग्राम पहिल्यांदा लिहिला तेव्हाची ती होती. प्रत्येक पानावर तारीख, आणि अक्षरं बदलायच्या ओळी खालून वर: सी आधी, मग बी, मग ए. पेपरच्या सहा-सात वर्षं आधीच्या तारखा. म्हणजे स्टाफरूममध्ये माझ्यासमोर उभे होते तेव्हा त्यांना माहीत होतं. 'असंल' म्हणताना माहीत होतं. ही वही सरांच्या टेबलावर ठेवली असती तर पाच 'आय' मधला एकही उरला नसता, आणि जागाही कदाचित त्यांची झाली असती. ती कपाटात आहे हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी ती काढली नाही.

याला लोक चांगुलपणा म्हणतील. मला तो अपमान वाटला. तू एवढीही लायक नाहीस की तुझ्याशी भांडावं, असं कुणी तोंडावर म्हटल्यासारखं झालं. पुष्कळ दिवसांनी कळलं की त्यांच्या डोक्यात असलं काही नसणार. त्यांनी मला धाकट्या माणसासारखं सांभाळलं असणार. पण ते तर आणखी वाईट. करीमभाईंना मी म्हणाले, नक्को, मी ठेवते. वही घरी आणली. ती कुणाला दाखवली नाही आणि परतही केली नाही. चोरी म्हणतात ती हीच.

सहा वर्षं झाली. माझं नाव छापील आहे. विश्वजीत सर निवृत्त झाले, निरोपसमारंभात मी त्यांच्यावर सुंदर बोलले.

या जूनमध्ये बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला एक मुलगी आली. सायली. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढं वडिलांचं नाव छापलेलं होतं: काकासाहेब. मी चरकले, पण तिनं काही ओळख दाखवली नाही. तीन महिने तिसऱ्या बाकावर बसून नीट लिहून घेत होती. गेल्या आठवड्यात मी बहुपदीत अक्षरं बदलायला शिकवत होते. फळ्यावर लिहिलं: ए च्या जागी बी, बी च्या जागी सी, सी च्या जागी डी. पोरांना विचारलं, कुठून सुरू कराल? सगळे म्हणाले, ए पासून. सायलीनं हात वर केला.

"मॅडम, खालून करायचं. वरून केलं की सगळं शून्य व्हतं. पप्पांनी एकदा वरून केल्तं. लई मोठी चूक झाल्ती त्यांच्याकडून, त्याच्यात त्यांची जागा गेली. मला ते दर वेळेस सांगतात, माझ्यासारखं करू नको म्हणून."

वर्ग हसला. वाईट हसणं नव्हतं, कुणाच्याही बापाच्या फजितीवर पोरं हसतात तसं. तीही थोडी हसली, थोडी लाजली. अडतीस मुलं माझ्याकडं बघत होती. एकच वाक्य बोलायचं होतं. त्या ओळी मी लावल्या होत्या, तुझ्या बापानं नाही. मी खडू धरून उभी होते आणि ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, अगदी शब्दन् शब्द.

सायलीला वाटलं मी तिच्या वडिलांना ओळखलं नाही. म्हणून तिनं आणखी सांगितलं, "पप्पा म्हणतेत, तवा तनुजा मॅडमनी लई सांभाळून घेतलं. म्हणून तर मला ह्याच कॉलेजला घातलं."

मी म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. बस." आणि पुढचं उदाहरण लिहून दिलं.